कारण सांगायचा दिवस

“या लढाईत कुणाच्याही नवरीचा मेणा कुणी अडवला नव्हता,” निकम सर कर्ण्यातून म्हणाले. “लढाई झाली ती खालच्या उताराच्या जकातीवरून.”

माझ्या शेजारी बसलेल्या चुलतीनं पदर तोंडाला लावला. पुरुषांच्या बाजूनं चकार शब्द निघाला नाही. आमच्या नागथळची माणसं ओरडायला लागली तर मला कधी भीती वाटत नाही. आमच्याकडे म्हशीला हाक मारली तरी भांडण चाललंय असं परक्याला वाटतं. हीच माणसं गप्प झाली की मात्र समजावं, आता काही खरं नाही. त्या सकाळी अख्खं गाव गप्प होतं.

ही गोष्ट शहाऐंशी सालच्या चैत्रातली. नदीच्या अलीकडे आमचं नागथळ, पलीकडे देवसरे, आणि मध्ये गुडघाभर पाण्याचा उतार. अडीचशे वर्षांपूर्वी दोन्हीकडच्या देशमुखांची या उतारावर लढाई जुंपली. ती वर्षभर चालली आणि दोन्ही गावची तरणीताठी माणसं तिच्यात गेली. आमच्याकडे सांगतात, आमची सगुणा नावाची लेक नवरी होऊन सासरी निघाली होती. देवसऱ्याच्या लोकांनी उतारावर तिचा मेणा अडवला, पडद्याला हात घातला, तेव्हा तिनं डोहात उडी घेतली. देवसऱ्यातही हीच गोष्ट सांगतात. फक्त तिथं सगुणा त्यांची लेक असते आणि मेणा अडवणारे आम्ही असतो. बिचारी सगुणा एकच, पण तिला माहेरं दोन.

तेव्हापासून या दोन गावांत रोटीबेटी बंद. एका एसटीत चेंगरून जातील, बाजारात एकमेकांची वांगी घेतील, पण घरचं पाणी प्यायचं नाही आणि सोयरीक करायची नाही. मागं कुणी एकानं करायचा प्रयत्न केला होता. त्याचं नावसुद्धा आमच्याकडे आता घेत नाहीत.

आणि दरसाल चैत्रातल्या वद्य अष्टमीला कारण सांगायचा दिवस असतो. लढाईत पडलेल्यांचे दगड नदीकाठी उभे आहेत, त्यांना आम्ही वीर म्हणतो. त्या दिवशी सकाळपासून गावात चूल पेटत नाही. पोरांना दूधही थंडच. बाहेरगावचा एखादा पाहुणा वीरांपुढच्या पारावर चढून लढाईचं कारण सांगतो, कारण आपल्या मेलेल्यांचं कारण आपण आपल्या तोंडानं सांगू नये, अशी रीत आहे. सांगून झालं की सगळं गाव एका आवाजात तीनदा “ऐकलं” म्हणतं. मग गुरव वीरांपुढच्या दिव्यावर काकडा पेटवतो आणि त्या विस्तवावर घरोघरी चुली पेटतात. गावानं “ऐकलं” म्हटल्याशिवाय पाहुण्यानं पारावरून पाय खाली टाकायचा नाही. टाकला तर मेलेले त्याच्या मागं लागतात म्हणे. मेलेल्यांचं मला माहीत नाही. जिवंत लागतील याची मात्र मला खात्री होती.

आमचा कर्णा देवसऱ्याकडे तोंड करून बांधलेला असे आणि त्यांचा आमच्याकडे. एकमेकांना ऐकू गेलं नाही तर सांगायचं कशाला! पूर्वी दोन्ही एकदम वाजायचे. पुढं एका फौजदारानं वैतागून वेळा लावून दिल्या. सकाळ आमची, दुपार त्यांची.

त्या वर्षी निकम सरांना मी आणलं होतं. मी जिल्ह्याच्या कॉलेजात इतिहासात एम.ए. करत होते आणि सर आम्हाला शिकवत. माझे वडील, आबा, देवस्थानचे पंच होते. ठरलेले कीर्तनकार ऐनवेळी आजारी पडले, तेव्हा मी हळूच म्हटलं, “आमचे सर येतील.” आबा खूष झाले. प्राध्यापक, त्यातही इतिहासाचा, म्हणजे कारण आणखीनच पक्कं होणार, असा त्यांचा हिशेब.

सरांचा हिशेब वेगळा होता. वर्गात त्यांनी दोन्ही घराण्यांची कागदपत्रं उलगडून सांगितली होती. लढाई पेटली ती जनावरांच्या मोठ्या बाजाराच्या आदल्या दिवशी. थांबली ती उताराची जकात निम्मी-निम्मी झाली त्या दिवशी. तहात सगुणेचं नाव नाही. “अब्रूसाठी भांडत होते, तर निम्म्या जकातीवर घरी कसे गेले?” असं सर म्हणाले तेव्हा सगळा वर्ग हसला. मागच्या बाकावरचा एकजण हसला नाही. तो माझ्याकडे पाहत होता.

तो देवसऱ्याचा दिनकर पिसाळ. आमचं दोन वर्षं चाललं होतं. चाललं होतं म्हणजे काय, वाचनालयाच्या जिन्यात उभं राहून बोलायचं आणि गावाकडच्या एसटीत एकमेकांची ओळख दाखवायची नाही. त्या तासानंतर दिनकर जिन्यात मला म्हणाला, “शालन, नवरी नव्हतीच तर बंदी कसली? तुझ्या गावाला सरांच्या तोंडून एकदा ऐकू दे. सरांचं बोलणं थांबलं की मी मामाला घेऊन नारळासकट नदी उतरतो. सगळ्यांसमोर तुझ्या आबांकडे मागणी घालतो.”

“आणि नाही म्हणाले तर?”

“पुराव्यापुढं नाही कसं म्हणतील?”

आणि मला ते पटलं. इतिहासाच्या विद्यार्थ्यांशिवाय दुसरं कुणी इतकं खुळं असेल असं मला वाटत नाही. आमच्या गावची शेंबडी पोरंसुद्धा आम्हाला सांगू शकली असती.

सरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना मी एवढंच म्हटलं होतं, की सर, गावाला खरं कळू द्या. त्यांचे डोळे लकाकले होते. आयुष्यभर वर्गात पन्नास डोकी समोर असलेल्या माणसाला अख्खं गाव मिळणार होतं.

सकाळी मी जांभळी साडी नेसून अंगणात आले, तर थोरला भाऊ, संपतदादा, पायरीवर बसून कुऱ्हाडीचा दांडा ठाकठीक करत होता. सणाच्या दिवशी.

“लई नटलीस गं आज,” तो म्हणाला.

“सणाचा दिवस हाय की, दादा.”

“व्हय की. पावनं बी येनार असत्याल.” त्यानं दांड्यावरून हात फिरवला. “नदीपल्याडचं कुनी येनार हाय का?”

तो हसतच विचारत होता. मी “मला काय ठावं” म्हटलं आणि घरात गेले. त्याला कळलं होतं. कसं कळलं ते मला आजवर समजलेलं नाही. एसटीत ओळख न दाखवणारी दोन माणसंच बहुतेक सगळ्यात जास्त दिसत असावीत.

दिनकरला निरोप धाडायला उशीर झाला होता. धाडणार तरी कुणाबरोबर? तेवढ्यात आबा सरांना घेऊन आले आणि आम्ही सगळे वीरांकडे निघालो.

बायका नेहमीप्रमाणे चिंचेखाली, जरा उंचावर बसल्या. पुरुष खाली, पाराकडे तोंड आणि नदीकडे पाठ करून. पारावरून उतार दिसत नाही, मध्ये करंजाची झाडी आहे. चिंचेखालून मात्र सगळं दिसतं. मी पुरुषांच्या गर्दीवरून नजर फिरवली. संपतदादा कुठंच नव्हता. मग मी खाली नदीकडे पाहिलं. उतार चढून येतो तिथं पाण्याच्या पंपाची खोली आहे. तिच्या भिंतीआड संपतदादा उकिडवा बसला होता, आणि त्याच्याबरोबर चौघे. काठ्या मांडीवर आडव्या. दादाच्या हातात कुऱ्हाड.

आणि पलीकडच्या काठावर बाभळींच्या सावलीत पांढरा सदरा.

सर बोलायला लागले तेव्हा मी देवाला हात जोडले, की हे बोलणं कधी संपू नये. बोलणं थांबलं की तो पाण्यात उतरणार होता.

पण सर छान, मुद्द्याचं बोलणारे. दहा मिनिटांत त्यांनी बाजाराचा दिवस सांगितला, जकात सांगितली, तह सांगितला, आणि ते नवरीच्या मेण्याचं वाक्य बोलून थांबले. आता गाव “ऐकलं” म्हणेल म्हणून उपरणं सारखं करत वाट पाहत राहिले. गुरव काकडा हातात घेऊन तसाच उभा राहिला.

शेवटी दौलूनाना काठी टेकत उठले. गावातले सगळ्यात वयस्क. त्यांच्या वाडवडिलांचा दगड पहिल्याच ओळीत आहे.

“सर,” ते म्हणाले, “म्हंजी आमची मानसं पैशापायी मेली, आसं म्हना की.”

“नाना, माणसं शूरच होती,” सर म्हणाले. “शौर्यानंच मेली. त्यांना मरायला कशासाठी नेलं, एवढंच मी सांगतोय.”

“त्येच की वो. दुसऱ्याच्या जकातीसाटी मेला, आसं मी त्या दगडाला सांगू? दरसाल श्येंदूर लावतो मी त्याला. आता काय म्हनून लावू?”

खरं सांगायचं तर याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पण सर इमानी माणूस. ते म्हणाले, “नाना, मला वाईट वाटतं. पण म्हणून मी नसलेली नवरी उभी करू शकत नाही.”

मग मागून कुणीतरी ओरडलं, “द्येवसऱ्याचं खाऊन आलाय ह्यो!” आणि सगळी जणू त्याचीच वाट पाहत होती. तरणी पोरं उभी राहिली. एक दगड येऊन पाराच्या दगडी काठावर आपटला. सर दचकून मागं सरकले. त्यांना कुणीतरी ओरडून बजावलं, “खाली उतराचं न्हाई! कारन झाल्याबिगर उतराचं न्हाई!” म्हणजे वर राहावं तर दगड आणि उतरावं तर माणसं. सर पारावर मधोमध उभे राहिले, हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

आबा लगबगीनं पारावर चढले आणि त्यांनी आधी कर्णा बंद केला. गावची अब्रू पलीकडे जायला नको म्हणून.

“सर, हात जोडतो,” आबा त्यांना म्हणत होते. “पोरंबाळं उपाशी हायती. तुमचं खरं तुमच्यापाशी ठ्येवा. आमचं आमाला सांगा आन् मोकळं व्हा.”

“खराडे साहेब, मला ते जमणार नाही,” सर म्हणाले. त्यांचा आवाज चांगलाच कापत होता. भीती वाटत असताना नाही म्हणणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

कर्णा बंद झाला म्हणजे काय झालं, ते मला जरा उशिरानं उमगलं. मी गर्रकन नदीकडे पाहिलं. पलीकडे ऐकणाऱ्याला एवढंच कळलं होतं, की सर थांबले. आमच्या गलक्याला वारा उलटा होता. पांढरा सदरा बाभळीखालून बाहेर आला. त्याच्यामागं फेटा बांधलेला मामा. दिनकरनं धोतर खोचलं. हो, धोतर नेसला होता तो त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या आबांना बरं दिसावं म्हणून. एका हातात नारळ धरून त्यानं पाण्यात पाय घातला.

पंपाच्या खोलीआड संपतदादा उठून उभा राहिला.

मला ओरडता येईना. ओरडून करणार काय? त्याचं नाव घेतलं असतं तर सगळं गाव वळलं असतं, आणि पाचांच्या जागी पाचशे झाले असते. पळत खाली गेले असते तर पोचेपर्यंत सगळं आटोपलं असतं. एवढ्या लांबून त्याच्यापर्यंत जाईल असा एकच आवाज त्या गावात होता, आणि तो आबांनी बंद केला होता.

मी उठले. चुलतीनं पदर धरला, तो तिच्या हातात फाटला. पुरुषांच्या मधून मी कशी गेले ते आठवत नाही. बाईमाणूस त्या पारावर कधी चढलेलं नव्हतं. मी चढले.

“आबा, मी सांगते कारण.”

“तू?” आबा माझ्याकडे बघतच राहिले. “खुळी का काय? बाह्यरचं तोंड लागतं. तू गावची.”

“लेक म्हंजी परक्याचं धन, आबा. तुमीच म्हणता न्हवं?”

जन्मभर मला त्या म्हणीची चीड. त्या दिवशी पहिल्यांदा ती माझ्या कामाला आली. खालून दौलूनाना म्हणाले, “बराबर हाय पोरीचं. लेक गावची नसतीच. बोलू द्या तिला.”

मी कर्णा चालू केला. माझा श्वास नदीपलीकडे घुमून परत आला.

पारावरून मला उतार दिसत नव्हता. करंजाच्या फटीतून पाण्याचा एक पट्टा तेवढा चमकत होता. त्या पट्ट्यात पांढरं काही दिसायच्या आत मला त्याला परत पाठवायचं होतं.

“आमची सगुणा,” मी सुरुवात केली, “आमच्या नागथळची लेक, नवरी होऊन या उतारावर आली.”

गाव एका दमात शांत झालं. पोरांनी हातातले दगड खाली टाकले. निकम सरांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरलेले नाही. पण मला सरांकडे बघायला सवड नव्हती. करंजाच्या फटीत पांढरा सदरा आला होता. तो थांबला होता, पण वळला नव्हता. त्याला वाटत असावं, शालनच बोलतेय, म्हणजे काहीतरी आपल्याच बाजूचं बोलत असेल.

मग मी सगुणेच्या मेण्यात बसले. माझ्याकडे दुसरा शब्द नाही. तिच्या हातापायांना सुटलेला कंप मी सांगितला, तो माझ्याच हातापायांत होता. घशाला पडलेली कोरड सांगितली. ज्या माणसांनी लहानपणी कडेवर घेतलं तीच जीव घेतील, ही धास्ती मी सांगितली, फक्त ती माणसं देवसऱ्याची केली. आणि तरी तो वळेना. पाण्यातून एक पाऊल पुढंच आला.

तेव्हा मी माइकला तोंड लावलं आणि म्हणाले, “सगुणेनं पडदा बाजूला करून पाहिलं. समोर पाण्यात देवसऱ्याचा माणूस उभा. ती म्हणाली, आरं, तुझं तोंड बघण्यापरीस मला मेलेलं बरं. तुमच्या गावची सून व्हायची त्यापरीस मी डोहात जाईन. जा माघारी. पुन्यांदा या पाण्यात पाय घालू नकोस. तुमची जातकुळीच तसली. तुमच्या शब्दावर इसवास ठेवणारी बाई अजून जल्माला यायची हाय.”

यातलं एकही वाक्य जुन्या गोष्टीत नव्हतं. जुन्या गोष्टीत सगुणा बोलतच नाही. ती नुसती उडी मारते.

करंजाच्या फटीत तो अजून थोडा वेळ दिसला. मामानं त्याचा हात ओढला. मग तो वळला. नारळ त्याच्या हातातून पाण्यात पडला की त्यानंच सोडून दिला, ते एवढ्या लांबून कळलं नाही. पट्टा रिकामा झाल्यावर मी सगुणेला डोहात ढकलली आणि गोष्ट संपवली.

खाली बाया-पुरुष हमसून रडत होते. दौलूनानांच्या दाढीतून पाणी गळत होतं. मग गाव तीनदा “ऐकलं” म्हणालं, इतक्या मोठ्यानं की वडावरचे बगळे उडाले. गुरवानं काकडा पेटवला. बायका विस्तव घ्यायला धावल्या, पोरं खायला मिळणार म्हणून नाचायला लागली, आणि ज्यानं मघाशी दगड मारला होता त्यानंच सरांना हात देऊन पारावरून उतरवलं. चहा घेऊन जा म्हणून आग्रहही केला.

मी पारावरच बसले होते. संपतदादा झाडीतून वर आला. त्याचं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं, म्हणजे तो पाण्यात उतरला होता. तेवढंच अंतर राहिलं होतं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“झ्याक सांगितलंस,” तो म्हणाला. “नारळ तेवढा फुटायचा ऱ्हायला बग.”

सरांना तालुक्याला पोचवायला आबांनी जीप काढली होती. मी त्यांची पिशवी द्यायला गेले. सर आत बसले होते, एकटेच. चेहरा पांढराफटक.

“शालन, ते खोटं आहे हे तुला माहीत होतं,” ते म्हणाले.

“हो, सर.”

“माझ्यासाठी केलंस का? मी मार खायला तयार होतो.”

माझी नजर आवरली नाही, ती नदीकडे गेलीच. करंजातून ते चौघे काठ्या खांद्यावर टाकून वर येत होते, आणि शेवटच्याजवळ दादाची कुऱ्हाड होती. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्या नव्या, फाटक्या पदराच्या साडीकडे पाहिलं. सर हुशार होते. दोन गोष्टी शेजारी ठेवून तिसरी काढायची हे त्यांचं कामच होतं.

“पहिल्यांदा ही गोष्ट ज्यानं कुणी सांगितली असेल,” ते म्हणाले, “त्याच्याही समोर कुणीतरी असंच उभं असेल. एवढी वर्षं मी ती खोटी आहे म्हणत आलो. ती घाबरून सांगितलेली असेल, हे माझ्या मनातच आलं नाही.”

ड्रायव्हर आला आणि जीप गेली.

त्या दिवसानंतर मला एकटीला उंबऱ्याबाहेर सोडलं नाही. परीक्षा राहिली. ज्येष्ठात माझं लग्न बार्शीकडच्या एका घरात झालं. माणसं चांगली निघाली. नवऱ्यानं मला कधी दुखवलं नाही, मीही त्याला नाही. पुढच्या चैत्रात आबांचा निरोप आला, की आता तू खरीच बाहेरगावची झालीस, कारण सांगायला ये. गावाला दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नव्हतं. मी गरोदर असल्याचं कळवलं. त्याच्या पुढच्या वर्षी सासू आजारी होती. मग त्यांनी बोलावणं सोडलं, पण माझी वाक्यं मात्र ठेवून घेतली. सगुणा आता दरसाल बोलते.

दोन गावांमधली बंदी कुणी उठवली नाही. ती आपोआप उठली. साखर कारखान्याच्या निवडणुकीत दोन्ही गावं एकाच पॅनेलमध्ये आली. मग चेअरमनचा भाचा आणि संचालकाची पुतणी असं एक लग्न झालं. कारखान्याच्या आवारात झालं म्हणून कुणी काही बोललं नाही. सर हयात असते तर हसले असते. गेल्या वैशाखात संपतदादाच्या नातीलाच देवसऱ्यात दिली. मीही गेले होते. नव्या पुलावरून गाडी सरळ मांडवात.

पंगती चालल्या होत्या. मी हात धुवायला मागं गेले, तर तिथं एक टक्कल पडलेला, चष्मा लावलेला गृहस्थ पाहुण्यांना पाणी घालत होता. मी ओंजळ पुढं केली. त्यानं वर पाहिलं. पाणी माझ्या ओंजळीतून सांडून पायांवर पडत राहिलं तरी त्याचा हात थांबेना.

“बरी आहेस?” दिनकर म्हणाला.

“बरी आहे. तुम्ही?”

‘तुम्ही’ ऐकून तो जरासा हसला. मुलगा पुण्याला असतो म्हणाला. शाळेतून निवृत्त झालो म्हणाला. मग इकडंतिकडं पाहून, खालच्या आवाजात म्हणाला, “एक विचारू? पुष्कळ वर्षं विचारायचं होतं. त्या दिवशी पाण्यात मी उभा होतो. तू जे बोललीस, ते... मला खरंच वाटलं. इतकी घृणा तुझ्या मनात होती आमची?”

अडतीस वर्षं हे उत्तर माझ्याजवळ तयार होतं. झोपेतून उठवून कुणी विचारलं असतं तरी मी घडाघडा सांगितलं असतं. आबा गेले होते, माझा नवरा गेला होता, बंदी गेली होती. मला थांबवणारं तिथं कुणी उरलं नव्हतं. दिनकर माझ्या तोंडाकडे पाहत होता.

आणि उत्तर द्यायच्या आधी मी मान वळवून संपतदादा कुठं उभा आहे ते पाहिलं.

तो पंगतीत वाकून जिलेबी वाढत होता. ऐंशीचा होता, हात थरथरत होते, दोन पोरांनी त्याला दंडाला धरलं होतं. मी त्याच्याकडे पाहत राहिले, आणि माझ्या घशाला कोरड पडली.

“जेवून घ्या,” मी दिनकरला म्हटलं. “पंगत उठेल.”